दारचा मोगरा आणि रानची कुसर

वसंत व्याख्यानमालेचा आणि मोगऱ्याचा मोसम एक आहे, आणि वेळही एकच आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यात ही माला सुरू केली. तिचे अनुकरण गावोगाव झाले, आणि उन्हाळ्यातली संध्याकाळ ही व्याख्यानाची वेळ म्हणून ठरून गेली. मोगऱ्याची कळीही याच दिवसांत आणि दिवस कलल्यावरच उमलते. त्यामुळे वक्ता व्यासपीठावर येण्यापूर्वीच श्रोत्यांच्या रांगांतून गजऱ्यांचा वास दरवळू लागतो. व्याख्यान कंटाळवाणे निघाले तरी तेवढा लाभ पदरात पडतो, असे आमचे एक वडीलधारे स्नेही म्हणत असत.

हे फूल आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्याच्याकडे पाहायचेच राहून जाते. वास घ्यावा, गजरा माळावा, दुसऱ्या दिवशी तो खुंटीवरून काढून टाकावा, एवढाच आपला त्याचा परिचय. या लेखात मोगरा आणि त्याची भावंडे यांची जरा नीट ओळख करून द्यावी, असा आमचा विचार आहे. त्या ओळखीच्या शेवटी वाचकांना एक विनंतीही करावयाची आहे.

प्रथम घरचे कोण आणि पाहुणे कोण, ते पाहू. सुवासिक पांढरे फूल दिसले की त्याला मोगरा किंवा जाई म्हणण्याची आपल्याला सवय आहे. बुचाच्या उंच झाडाला आकाशमोगरा म्हणतात. कुंती, तगर आणि अनंत यांच्या इंग्रजी नावांमागे कोठे ना कोठे ‘जास्मिन’ चिकटलेले आढळते. वस्तुतः यांतले एकही जाईच्या गोत्रातले नव्हे. अनंत कॉफीच्या कुळातला, कुंती लिंबाच्या, तगर कण्हेरीच्या, आणि रातराणी तर वांग्या-मिरचीच्या कुळातली. खरी जाई ओळखण्याची खूण सोपी आहे. फुलाची बारीक नळी नखाने उभी चिरावी आणि आतले पुंकेसर मोजावेत. जाईच्या गोत्रात ते दोनच असतात. तगरीत व रातराणीत पाच, बुचात चार आणि कुंतीत दहा भरतात. पारिजातकात मात्र दोनच सापडतात, आणि तो खरोखरच नातलग आहे. हे सारे गोत्र ऑलिव्हच्या कुळात मोडते. लिनियस या स्वीडिश पंडिताने 1753 साली मोगऱ्याला पारिजातकाच्याच घरात बसविले होते. 1789 साली एटन या स्कॉटिश वनस्पतिज्ञाने त्याला तेथून काढून जाईच्या घरात आणले. शास्त्रीय नावातला ‘सांबाक’ हा शब्द अरबीतून आला आहे, आणि ‘जास्मिन’ हा फारशी ‘यासमीन’चा अवतार आहे.

आता घरच्या भावंडांकडे वळू. त्यांना ओळखण्यासाठी फुलापेक्षा पानाकडे पाहणे अधिक सोयीचे, कारण फूल वर्षातून काही आठवडे असते आणि पान बहुतेक बारमास. मोगऱ्याचे पान साधे, रुंद आणि तुकतुकीत असून समोरासमोर जोडीने येते. जाईचे पान संयुक्त असते. एका देठावर सात-नऊ पर्णिका आणि टोकाची पर्णिका सर्वांत मोठी. तिच्या कळीवर बाहेरून गुलाबी छटा असते. चमेली हे हिचेच दुसरे नाव. जुईचे पान तीन पर्णिकांचे, पण बाजूच्या दोन इतक्या लहान की पानाला कानाच्या पाळ्या फुटल्यासारख्या दिसतात. लॅटिन नावातही हा कान आला आहे. कुंदाचे पान साधे, पण मोगऱ्यापेक्षा निमुळते व लवदार, आणि फुलाखालची संदले सुतासारखी बारीक व केसाळ. एवढे ध्यानात ठेवले तर फुलांचा मोसम नसतानाही कोणाच्या कुंपणावर कोण चढले आहे ते सांगता येते.

या भावंडांनी वर्षही आपसांत वाटून घेतल्यासारखे दिसते. थंडीत कुंद फुलतो. फाल्गुन सरता सरता मोगऱ्याला कळ्या धरतात आणि चैत्र-वैशाख त्याचाच असतो. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात जुई सुरू होते आणि पावसात फुलत राहते. श्रावणाच्या सुमारास जाई रंगात येते. ज्याच्या परसात ही चार लावलेली असतील, त्याच्या देवघरात पांढऱ्या फुलाचा खाडा फारसा पडत नाही. जुन्या घरांत ही योजना कोणी पुस्तक वाचून केली नव्हती. देवाला रोज फूल हवे या गरजेतून ती आपोआप झाली.

फूल पांढरे का आणि संध्याकाळीच का, याचे उत्तर एकच आहे. या गोत्रातील बहुतेक फुलांची निमंत्रणे रात्री उडणाऱ्या पतंगांना असतात. अंधारात तांबडा-निळा रंग उपयोगाचा नाही. पांढरा रंग थोड्या उजेडातही दिसतो, आणि जेथे नजर पोचत नाही तेथे वास पोचतो. फुलाची नळी लांब व अरुंद असते, कारण पतंगाची सोंड लांब व बारीक असते. आपल्या नाकासाठी हा खटाटोप नव्हता. आपण या मेजवानीचे आगंतुक आहोत.

गजऱ्याचे मर्मही येथेच आहे. पुष्कळ फुले खुडली की त्यांचे घड्याळ थांबते. मोगऱ्याची आणि जाईची कळी खुडल्यावरही वाढ पुरी करते, ठरल्या वेळी उमलते आणि नवा सुगंध तयार करीत राहते. म्हणून पहाटे टंच कळ्या खुडून, ओल्या फडक्यात ठेवून, दुपारी त्यांचा गजरा करता येतो आणि तो रात्री माळणारीच्या केसांत फुलतो. फुललेली फुले ओवली तर गजरा घटकेत कोमेजेल. माठात टाकायलाही मोठ्या कळ्याच निवडाव्यात, हे घरातल्या बायका वर्षानुवर्षे जाणून आहेत. फ्रान्समधील ग्रास येथील अत्तरवाले जाईची फुले चरबीच्या थरावर पसरून त्यांचा वास काढून घेत, आणि आपल्याकडे चमेलीचे तेल करताना तिळांत फुले घालून ठेवीत. दोन्ही रीती याच गुणावर उभ्या होत्या.

या वासाविषयी विज्ञानाने एक नवलाची गोष्ट शोधली आहे. 1962 साली जाईच्या तेलातून ‘मिथिल जास्मोनेट’ नावाचे द्रव्य वेगळे करण्यात आले. प्रथम ते केवळ अत्तराच्या कामाचे वाटले. पुढे कळून आले की ते वनस्पतींच्या देहातील एक निरोप्या आहे. पानावर अळीचा दात पडला की झाड या जातीची द्रव्ये तयार करते, आणि ती पोचताच उरलेली पाने आपल्या रक्षणाच्या तयारीला लागतात. 1990 साली फार्मर आणि रायन या संशोधकांनी टोमॅटोची रोपे बंद जागेत एका अमेरिकन झुडपाच्या फांद्यांशेजारी ठेवली. हे झुडूप आपल्या दवण्याच्या गोत्रातले, आणि त्याच्या पानांतून हेच द्रव्य हवेत सुटते. ते लागताच टोमॅटोने आपल्या पानांत अळीला पचू न देणारी द्रव्ये तयार केली. चैत्रात आपण मोगऱ्यात दवणा घालून गजरा करतो. त्या दोघांच्या वासात असे जुने सख्य असेल, हे आपल्या ध्यानीमनी नव्हते.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे येऊ. मोगऱ्याचे बी कोणी पाहिले आहे काय? बागेची आवड असलेल्या अनेकांना आम्ही हे विचारले. बहुतेकांना हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. बटमोगरा, हजारी मोगरा अशा दुहेरी फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. फूल गुबगुबीत दिसते, पण त्याचा संसार पुढे चालत नाही. एकेरी मोगऱ्यालाही आपल्याकडे फळ क्वचितच धरते. म्हणजे दारी असलेला मोगरा बियांतून, वाऱ्याने किंवा पाखराने आलेला नसतो. तो कोणीतरी कोणाला तरी दिलेला असतो. एका झाडाची फांदी वाकवून मातीत दाबावी, मुळे फुटली की तोडून द्यावी. तिच्यापासून आणखी कोणी घ्यावी. आजीच्या अंगणातला मोगरा आणि नातीच्या कुंडीतला मोगरा हे आई आणि मूल नव्हेत. ते एकच झाड आहे. फक्त जागा बदलली आहे.

असा हातोहात प्रवास करीत हे झाड किती दूर गेले आहे ते पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. फिलिपीन्सने 1934 साली त्याला आपले राष्ट्रीय फूल ठरविले. इंडोनेशियातही त्याला राष्ट्रीय फुलाचा मान आहे. चीनमध्ये त्याच्या कळ्यांनी चहाला वास देतात. आपल्या शेजारी कर्नाटकात म्हैसूरच्या, उडुपीच्या आणि हडगलीच्या मल्लिगेला भौगोलिक मानांकन आहे, आणि मदुराईच्या मल्लीला ते 2013 साली मिळाले. के. एस. नरसिंहस्वामी यांच्या 1942 सालच्या प्रसिद्ध कन्नड काव्यसंग्रहाचे नावच ‘मैसूर मल्लिगे’ आहे. इतक्या देशी आणि इतक्या भाषांत पोचलेले हे झाड. पण प्रत्येक मुक्कामी त्याला कोणाचा तरी हात लागला आहे.

या गोत्रात माणसाच्या हाताची गरज नसलेली एक बहीण आहे, आणि ती आपल्या सातारा जिल्ह्यात राहते. तिचे नाव कुसर. कोणी तिला रानजाई किंवा रानमोगरा म्हणतात. महाबळेश्वर आणि कासच्या बाजूच्या झाडीत, रस्त्याच्या कडेच्या जाळ्यांवर ही वेल चढलेली असते. पान साधे व रुंद, फूल पांढरे, आणि पाकळ्या सहापासून दहापर्यंत, अरुंद व टोकदार. चैत्र-वैशाखात सारे रान वाळलेले असताना ही वेल फुलांनी भरून जाते. तिला काळी रसाळ फळे येतात, ती पाखरे खातात आणि बी रानात टाकतात. तिला माळी नको, आळे नको. तिला फक्त रान हवे. कासचे पठार पश्चिम घाटाच्या इतर स्थळांबरोबर 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत गेले, आणि तेव्हापासून भाद्रपद-आश्विनात तेथील फुले पाहावयास गर्दी लोटते. ती फुले पाहण्याजोगी आहेतच. परंतु वैशाखात त्याच वाटेने जाणारी मोटार कुसरीच्या जाळीशी थांबलेली आम्ही फार थोड्या वेळा पाहिली आहे. उलट रस्ता रुंद करताना पहिली कुऱ्हाड या कडेच्या जाळ्यांवरच पडते.

महाबळेश्वरच्या याच झाडीतून कृष्णा निघते, माहुलीला वेण्णेला भेटते आणि कऱ्हाडवरून सांगलीस जाते. सातारा आणि सांगली ही एकाच घरची दोन दालने आहेत. 1949 साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळाले. मोगऱ्याच्या दृष्टीने मात्र दोन्हीकडची परिस्थिती भिन्न. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याची जमीन उताराची व मुरमाड, पाणी साचत नाही. जुन्या वाड्यांत न्हाणीघराच्या मोरीशी मोगऱ्याचे आळे असे, आणि वाड्याचे सांडपाणी तो पिऊन टाकी. सांगलीकडे कृष्णाकाठची काळी, कसदार, पाणी धरून ठेवणारी जमीन. उसाला आणि हळदीला ती मानवते. मोगऱ्याची मुळे मात्र तिच्यात पाणी साचले की कुजतात, आणि माती चुनखडीची असेल तर लोह न मिळाल्याने पाने पिवळी पडतात. तरीही सांगली-मिरजेत फुलांची हौस मोठी. कानडी मुलूख शेजारी असल्यामुळे मिरजेच्या बाजारात सुई न वापरता दोऱ्याच्या गाठींनी गुंफलेल्या दाट माळा दिसतात. देवळातील मूर्तीला आणि मिरासाहेबांच्या दर्ग्यातील मजारीला वाहिलेली मोगऱ्याची फुले एकाच मळ्यातून आलेली असण्याचा पुष्कळ संभव असतो.

सांगलीचे दुःख पुराचे आहे. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट धरतात. 2019 सालच्या ऑगस्टात पाणी 57 फुटांवर गेले, आणि 2021 सालच्या जुलैत पुन्हा घरांत शिरले. माणसे, गुरे, दुकाने यांच्या हानीपुढे अंगणातल्या झाडाचा हिशेब कोण ठेवणार? पण आमच्या परिचयाच्या एका घरची हकीकत सांगण्याजोगी आहे. गावभागातील त्यांच्या अंगणात तीन पिढ्यांचा बटमोगरा होता. 2019 च्या पुरात तो आठवडाभर पाण्याखाली राहिला, आणि गाळ उपसला तेव्हा बुंध्यापर्यंत काळा पडलेला निघाला. घरच्या आईंना भांड्यांपेक्षा त्याचे वाईट वाटले. त्यांची लेक साताऱ्यास दिलेली. तिने लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात याच मोगऱ्याचे दाबकलम नेले होते. पुढच्या वर्षी तिने आपल्या झाडाचे कलम करून ते सांगलीस आणले. सासरी गेलेले रोप असे माहेरी परत आले. तिने ते नेले नसते, तर त्या घरचा मोगरा कोणत्याही रोपवाटिकेतून विकत मिळाला नसता.

पुरापेक्षाही मोठे संकट कोरडे आहे. दोन्ही शहरांत वाडे पडून त्यांच्या जागी सदनिका उभ्या राहत आहेत. कुटुंबे वाढतात, भिंती जुन्या होतात. वाडे पडू नयेत असे म्हणणे सोपे आणि व्यर्थ आहे. परंतु वाडा उतरविताना तुळया आणि दरवाजे मोजून विकले जातात, आणि आळ्यातला मोगरा दगडमातीखाली जातो. त्याला बी नसल्याने मागे काही उरत नाही.

सदनिकेत मोगरा फुलत नाही, ही समजूत मात्र खरी नाही. त्याला अर्ध्या दिवसाचे ऊन हवे. सावलीत पाने येतील, फुले येणार नाहीत. मोठी कुंडी, तळाशी पाणी निघून जाण्यास भोक, मातीत शेणखत आणि थोडी वाळू. पुष्कळांची चूक अशी की प्रेमापोटी ते बारा महिने पाणी घालतात. मोगऱ्याला विश्रांती लागते. थंडीत पाणी कमी करून त्याला ताण द्यावा. मग त्या ऋतूच्या अखेरीस जुन्या, वाळक्या व गर्दी झालेल्या फांद्या छाटाव्यात, माती हलवून खत द्यावे आणि पुन्हा पाणी सुरू करावे. कळ्या येतात त्या नव्या फुटव्यांवर. न छाटलेले झाड उंच वाढते आणि फुलात कंजूषपणा करते. ज्ञानदेवांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या अभंगातला मोगरा दारातून आकाशापर्यंत जातो, आणि मोकळा सोडला तर हे झाड खरोखरच वेलीसारखे वर चढते. पण गच्चीवाल्यांनी त्याला कात्री लावावी, हेच बरे. फुटव्यांवर कळ्या जांभळट होऊन गळू लागल्या तर आत अळी असते. त्या कळ्या वेचून नष्ट कराव्यात.

मोगऱ्याचा विचार करताना एक आठवण मनातून जात नाही. आमच्या लहानपणी बऱ्याच घरांत मोगऱ्याला पाणी घालणारी, पहाटे उठून कळ्या खुडणारी आणि दुपारी गजरे गुंफणारी एक वृद्ध स्त्री असे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना, डोहाळजेवणाच्या वाडीसाठी, शेजारच्या मुलींना ती गजरे देई. तिच्या स्वतःच्या केसांत कधी फूल दिसले नाही, कारण ती विधवा होती. मुले म्हणून आम्ही ते कधी विचारले नाही, आणि मोठ्यांनी कधी सांगितले नाही. ज्या हातांनी झाड जगविले त्यांच्या धन्यालाच त्याचे फूल वर्ज्य, ही गोष्ट केवढी विचित्र! मिरजेहून फार दूर नसलेल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 सालच्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि शासनाने त्याचा कित्ता इतर गावांनी गिरवावा असे परिपत्रक काढले. ठरावाने रूढी एका दिवसात जात नाही. पण एखाद्या घरी सुनेने सासूच्या अंबाड्यात आपल्या हाताने गजरा माळला, तर तो ठराव त्या घरापुरता अमलात आला असे समजावे.

आता ती विनंती. मृगाचा पाऊस फार दूर नाही. ज्यांच्या अंगणात किंवा आजोळी जुना मोगरा, जाई, जुई वा कुंद असेल, त्यांनी या पावसाळ्यात त्याची एक जमिनीलगतची फांदी निवडावी. पेराशी साल थोडी खरवडून ती मातीत दाबावी आणि वर दगड ठेवावा. सुमारे तीन-चार महिन्यांत मुळे धरतात. दिवाळीच्या सुमारास ती तोडून कुंडीत लावावी आणि कोणाला तरी द्यावी. शक्य तर दुसऱ्या गावच्या माणसाला, म्हणजे एका गावी पूर आला तर दुसऱ्या गावी झाड राहील. ज्यांच्या वाड्याचा करार झाला असेल त्यांनी तर हे याच वर्षी करावे. आणि महाबळेश्वरास जाणाऱ्यांनी वैशाखात कडेच्या जाळीपाशी दोन मिनिटे थांबून कुसर पाहावी. मात्र तिची फांदी तोडून आणू नये. तिला आपल्या हाताची गरज नाही.

मोगऱ्याला मात्र आहे. आज व्याख्यानाहून घरी परतताना गजऱ्याचा वास आला, तर हे झाड कोणी कोणाला दिले असेल याचा विचार मनात यावा, आणि पुढच्या वसंतापर्यंत त्याचे एक रोप आपल्याही हातून कोणाकडे गेलेले असावे, एवढीच अपेक्षा.